न ऐकूं येणारें काम

संसारांतील कांहीं कामें अशीं असतात कीं तीं नीट झालीं म्हणजे कोणाच्या लक्षांतच येत नाहींत. देवापुढची वात, वेळेवर भरलेला हंडा, सणाच्या आधीं निवडून ठेवलेलें धान्य, यांची आठवण घराला होते ती ज्या दिवशीं तीं राहून जातात त्या दिवशीं. यंत्रांच्या जगांतही अशीं अबोल कामें आहेत. त्यांतील एकानें गेल्या पावसाळ्यांत माझे तीन महिने घेतले. त्याविषयीं वाचकांशीं चार शब्द बोलावे असें मनांत आहे.

नोकरी संपल्यावर आम्ही बोदलकसा येथें राहावयास आलों. हें खेडें गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यांत आहे. १९९९ सालापर्यंत हा मुलूख भंडारा जिल्ह्यांत, म्हणजे तलावांच्या जिल्ह्यांत मोडत असे, आणि बोदलकशाची ओळखही त्याच्या तलावानेंच आहे. टेकड्यांच्या कुशींत १९१७ सालीं बांधलेला हा विस्तीर्ण जलाशय, भोंवतीं रान, पलीकडे नागझिऱ्याचें अभयारण्य. रात्रीं नवाच्या पुढें येथें इतकी शांतता असते कीं दुसऱ्या खोलींतील घड्याळाची टिकटिक मोजून घ्यावी.

आमच्या मातोश्रींना ही शांतता मानवते, पण पुरत नाहीं. त्यांचें वय ८६ वर्षांचें. दृष्टि अधू झाल्यामुळें पोथी सुटली, गुडघ्यांमुळें देवदर्शन सुटलें. उरलें तें ऐकणें. तेंही पूर्वींसारखें नाहीं. गाणें मोठ्यानें लावावें तर घर जागें होतें, हळू लावावें तर त्यांना ऐकूं येत नाहीं, आणि कानांत घालावयाचें यंत्र त्यांना सोसत नाहीं. शेवटीं घरांतल्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला मीं हेडफोन जोडून दिला. दोन मिनिटें ऐकून त्यांनीं तो काढून ठेवला व म्हणाल्या, “अरे, गाण्याच्या मागें भुंगा बसला आहे. आमच्या आप्पांच्या रेडिओंत असा भुंगा नव्हता.”

त्यांची आठवण अचूक होती. नागपूरचें आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें, तेव्हां त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. माहेरीं वीज आलेली नव्हती. आप्पांचा रेडिओ बॅटरीवर चाले. व्हॉल्व्हला एकाच दिशेनें, एकसारखी वाहणारी वीज लागते, व बॅटरी नेमकी तशीच वीज देते. भिंतींतल्या तारेंतून येणारी वीज मात्र सेकंदाला पन्नास वेळां पुढें जाते आणि पन्नास वेळां मागें येते. तिला एका दिशेस वळविलें तरी तिचे उसासे राहतातच, सेकंदाला शंभर. तेच कानाला गुणगुण होऊन ऐकूं येतात. आमच्या रेडिओंतले हे उसासे शमविणारे कंडेन्सर इतक्या वर्षांत आंतून वाळून गेले होते, म्हणून भुंगा मोकाट सुटला होता.

या भुंग्याची खोड अशी कीं तो आपल्या संगीताच्या नेमका मर्मावर बसतो. पुरुष गवयाचा तंबोरा काळी एकमध्यें लावला म्हणजे पंचमाच्या तारेचीं कंपनें सेकंदाला सुमारें १०४ होतात. भुंग्याचीं १००. म्हणजे तंबोऱ्याच्या पंचमाशेजारीं कोणी बेसूर माणूस दुसरा, किंचित् उतरलेला पंचम धरून बसावा, तसा हा प्रकार. शिवाय वार्धक्यांत कानाचे उंच स्वर आधीं जातात, खालचे पुष्कळ काळ टिकतात. तेव्हां मातोश्रींना गाण्यांतलीं नाजूक अक्षरें हरवत होतीं, पण भुंगा मात्र पुरेपूर पोंचत होता.

मीं नवा ध्वनिवर्धक करावयाचें ठरविलें. “इतका खटाटोप करण्यापेक्षां बाजारांतलें तयार यंत्र कां आणीत नाहीं?” असें आमच्या मंडळींनीं विचारलें. प्रश्न रास्त होता. ट्रान्झिस्टरचें तयार यंत्र स्वस्त मिळतें, सुरक्षित असतें, आणि वाईट मुळींच वाजत नाहीं. परंतु तरुणपणीं व्हॉल्व्हवरच माझा हात बसला होता. आणि आईच्या कानांवर जें ठेवावयाचें तें आपल्याला आंतबाहेर ठाऊक असावें, एवढें एकच उत्तर मजपाशीं होतें. त्यांनीं तें मान्य केलें कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं. पण माजघरांतलें मेज त्यांनीं मोकळें करून दिलें.

ध्वनिवर्धक म्हटला कीं लोकांचें लक्ष गाण्याचा मार्ग ज्या व्हॉल्व्हमधून जातो तिकडे जातें. खरी गोष्ट निराळी आहे. हेडफोनमध्यें जी वीज गाते ती तबकडीवरून आलेली नसतेच. तबकडीची क्षीण वीज फक्त तोटी फिरवते. तोटींतून वाहतें तें पाणी दुसरीकडचें, म्हणजे ज्या पेटीला कारागीर पॉवर सप्लाय म्हणतात तिचें. ती पेटी गढूळ तर गाणें गढूळ. म्हणून तीन महिन्यांतले अडीच महिने मीं या पेटीलाच दिले.

पहिलें काम ट्रान्सफॉर्मरचें. गोंदियास शेतीपंपांच्या मोटारी गुंडाळून देणाऱ्या एका वृद्ध कारागिरानें तो मला गुंडाळून दिला. दहा चौरस सेंटिमीटर छेदाच्या लोखंडी पत्र्यांवर दर व्होल्टास सुमारें साडेचार वेढे, म्हणजे भिंतीकडच्या २३० व्होल्टांना हजारावर वेढे. दुसऱ्या बाजूस २५०-०-२५० व्होल्टांचें वेटाळें, आणि व्हॉल्व्हच्या तंतूंना तापविण्यासाठीं ६.३ व्होल्टांचें जाड तारेचें. प्रत्येक थरामध्यें कागद घालतांना तो जुन्या रेडिओंच्या आठवणी सांगत होता. पंपाची मोटार गुंडाळणाऱ्या त्या हातांना हें बारीक तारेचें काम करतांना वेगळाच आनंद होत असलेला दिसला.

वीज एका दिशेस वळविण्याचें काम मीं ईझेड ८० या नळीकडे दिलें. व्हॉल्व्ह या शब्दाचा मूळ अर्थच झडप. १९०४ सालीं फ्लेमिंगनें पहिली अशी नळी केली. तापलेल्या टोकाकडून पत्र्याकडे वीजकण जातात, उलट येऊं शकत नाहींत, एवढेंच तिचें तत्त्व. दोन वर्षांनीं डी फॉरेस्टनें तींत तिसरी जाळी घातली व तोटी तयार झाली. ईझेड ८० मध्यें पत्रे दोन असतात. एका उखळांत दोघी बायकांनीं आळीपाळीनें मुसळ घालावें तसे ते काम करतात. एकाचें मुसळ वर असतें तेव्हां दुसऱ्याचें खालीं. भारतांतही बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनें, जिची स्थापना १९५४ सालची, रेडिओचे व्हॉल्व्ह पुष्कळ वर्षें बनविले. ते जुन्या दुरुस्तीदारांच्या कपाटांत अजून सांपडतात.

झडपेनंतर येतो पहिला कंडेन्सर, ४७ मायक्रोफॅरडचा. इंग्रज अभियंते त्याला ‘रिझर्व्हायर’ म्हणत, म्हणजे जलाशय. हें नांव किती चपखल आहे हें मला बोदलकशास राहिल्यामुळें कळलें. पाऊस आपल्या लहरीनें चार महिन्यांत कोसळतो. धानाच्या बांध्यांना मात्र मापानें पाणी हवें असतें. मध्यें तलाव असतो. तो पुराचें पाणी पोटांत घेतो आणि तुडूम उघडल्यावर पाटाला शांतपणें सोडतो. रोवणीच्या वेळीं शेतकऱ्याच्या बांधींत शिरणारी पाण्याची धार पाहून कोणी म्हणणार नाहीं कीं हाच तो डोंगरावरून धडाडत आलेला लोंढा. या भागांतले जुने मालगुजारी तलाव बांधणाऱ्या कोहळी लोकांना हें शास्त्र रेडिओच्या कितीतरी आधीं ठाऊक होतें.

तथापि एका तलावानें भागत नाहीं. पहिल्या कंडेन्सरपाशीं पाऊणतीनशे व्होल्टांवर सुमारें सहा व्होल्टांची लाट उरते. पुढें चोक लागतो, म्हणजे लोखंडावर गुंडाळलेलें तारेचें दाट वेटाळें. त्याचा स्वभाव जात्याच्या वरच्या तळीसारखा. दळणारीचा हात कधीं जोर देतो, कधीं सैल पडतो. तळी जड असल्यामुळें एकाच लयीनें फिरत राहते. १० हेन्रीचा चोक व त्यामागें १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मिळून लाटेचा सुमारें चारशेवा हिस्सा ठेवतात. त्यापुढें ४७० ओहमचा रोधक व तसाच दुसरा कंडेन्सर आला कीं उरते ती व्होल्टाचा अर्धा सहस्रांश.

येथें एक युक्ति सांगण्यासारखी आहे. ट्रान्सफॉर्मरचें चुंबकत्व हवेंतून चोकमध्यें शिरतें, आणि मग आंकडे कितीही बरोबर असले तरी भुंगा राहतोच. म्हणून चोकला इतर कोठेंही न जोडतां त्याच्या दोन टोकांना नुसता हेडफोन लावावा, ट्रान्सफॉर्मर चालू करावा, व चोक हळूहळू फिरवीत ऐकत राहावें. एका कोनांत गुणगुण जवळजवळ नाहींशी होते. तेथेंच त्याला स्क्रूनें बसवून टाकावा. या कामाला बोदलकशाच्या रात्रींसारखी प्रयोगशाळा नाहीं.

आतां या पेटीची दुसरी बाजू. माझा तेरा वर्षांचा नातू सुटींत येथें होता व मेजापासून हलत नव्हता. पाऊणतीनशे व्होल्ट माणसाचा प्राण घेऊं शकतात, आणि घेतांना पूर्वसूचना देत नाहींत. त्याला दूर ठेवावें कीं जवळ बसवून शिकवावें, हा प्रश्न मला अनेक दिवस पडला होता. दूर ठेवलेलें मूल आपल्या पाठीमागें हात घालतें, असा विचार करून मीं त्याला जवळ बसविलें. “आजोबा, कळ बंद केल्यावर वीज राहील कशी?” असें त्यानें विचारलें. मीं त्याला पाळीवर नेलें. पाऊस थांबून आठवडा झाला होता, आभाळ निरभ्र होतें, आणि तलाव तुडुंब होता. “पाऊस बंद आहे ना? मग पाळ फोडूं या का?” एवढेंच मीं म्हटलें. त्याला पुन्हां सांगावें लागलें नाहीं.

सांठा जसा पोसतो तसा बुडवितोही. म्हणून कंडेन्सरवर मीं एक लाख ओहमचा, दोन वॅटांचा रोधक कायमचा जोडला. कळ बंद केल्यावर एका मिनिटांत तो त्यांना बहुतेक रिकामें करतो. तरीही आमच्या मेजावरचे नियम ठरले ते असे: आधीं प्लग काढावा, मग मिनिटभर थांबावें, मग मापकानें मोजावें, व मगच हात लावावा, तोही एकच, दुसरा पाठीमागें. लोखंडी पेटी जमिनीच्या तारेस जोडली. हेडफोनकडे जाणाऱ्या तारेंत सव्वाशे व्होल्ट अडवून धरणारा जो कंडेन्सर असतो तो ४०० व्होल्टांचा घेतला, कारण त्याच्या एका बाजूस वीज असते आणि दुसऱ्या बाजूस मातोश्री.

तिरोड्याजवळ ३३०० मेगावॅटचें औष्णिक वीजकेंद्र आहे. त्या मानानें माझ्या पेटीस लागणारी वीज २५ वॅटांची, म्हणजे एका लहान दिव्याएवढी. परंतु मोठी शक्ति निर्माण करणें आणि थोडी शक्ति निर्मळ करणें हीं दोन निराळीं कामें आहेत, व दुसऱ्याला धीर अधिक लागतो, असें मला हें करतांना वारंवार वाटलें.

भाद्रपदाच्या अखेरीस एका रात्रीं मातोश्रींच्या कानांवर हेडफोन ठेवला. व्हॉल्व्ह तापेपर्यंत कांहींच ऐकूं येत नाहीं. त्यानंतरही, गाणें सुरू होईपर्यंत, कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग त्यांनीं डोळे मिटले. बऱ्याच वेळानें म्हणाल्या, “तंबोरा मागें वाजतो आहे रे.” पेटीविषयीं त्या अक्षरही बोलल्या नाहींत, व मींही सांगितलें नाहीं. नातू सुटींत येथें असतो तेव्हां रोज रात्रीं नऊ वाजतां तोच कळ चालू करतो. प्लग काढून मिनिट मोजण्याचें काम मात्र मीं अजून स्वतःकडेच ठेवलें आहे.