हमजा एकटाच जिंकू लागला तर

दास्तान सांगणाऱ्याला दुबळ्या नायकाची फारशी काळजी नसते. ऐकणारेच त्याला सांभाळून घेतात, त्याच्यासाठी दुआ करतात. खरी पंचाईत होते ती नायक फार बलवान झाला की. त्याच्यापुढे देव आणला, देव मेला. लष्कर आणलं, लष्कर पळालं. आता पुढे सांगायचं काय? आणि त्याच्यासोबत घर सोडून निघालेल्या बाकीच्यांनी तोवर करायचं काय?

गेल्या वर्षभरापासून हा प्रश्न दर रविवारी जोहरनंतर आमच्या सतरंजीवर येऊन बसतो. निमित्त आहे एका खेळाचं, ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ त्याचं नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी तो 1974मध्ये बाजारात आणला. यात पट नसला तरी चालतो, स्क्रीन तर लागतच नाही. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डन्जन मास्टर म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली एकेक पात्रं होतात. ‘समोर किल्ला आहे, फाटक बंद आहे, काय करता?’ असं मास्टर विचारतो, आणि जो तो आपापल्या पात्राच्या वतीने सांगतो. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. थोडक्यात, ऐकणारेही बोलतात अशी दास्तानगोई. आमच्याकडे दास्तानगो मी आहे आणि खेळणारी पाच मुलं. एक भाचा, एक भाची, शेजारचे दोघे भाऊ आणि भाच्याचा एक दोस्त.

फाशांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. आपल्याकडे फाशांबद्दल नाराजी आहे, त्याबद्दल हदीस आहे, आणि अम्मींनी पहिल्याच दिवशी भुवया उंचावल्या. पैसा लागत नाही, पैज लागत नाही, हे सांगून त्यांचं समाधान होईना. मग आम्ही फासे गुंडाळून ठेवले. स्टीलच्या डब्यात 1 ते 20 आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि सहा-आठ आकड्यांसाठी लहान डब्या केल्या. चिठ्ठी काढायची, वाचायची, परत टाकायची. हिशेब तोच राहतो, खडखडाट तेवढा जातो. आता अम्मी स्वतःच विचारतात, “राक्षस मेला का?”

तर पंचाईत झाली ती भाच्याच्या शमशेरमुळे. शमशेर म्हणजे त्याचा लढवय्या. भाचा अकरावीत आहे, वाचण्यात पक्का. त्याने 2014च्या नियमपुस्तकातून दोन कौशल्यं निवडली. एक ‘शार्पशूटर’. यात नेम 5 गुणांनी कच्चा करून घ्यायचा आणि बदल्यात प्रत्येक बाणाचा घाव 10 गुणांनी वाढवायचा. दुसरं ‘क्रॉसबो एक्स्पर्ट’. यामुळे हातातल्या छोट्या क्रॉसबोतून एक बाण जास्तीचा सुटतो. पाचव्या लेव्हलला लढवय्याला एका खेपेत दोन वार मिळतात, आणि ‘ॲक्शन सर्ज’ वापरलं की आणखी दोन. सगळे मिळून पाच बाण. प्रत्येकाचा घाव सरासरी साडेसोळा, म्हणजे पाचही लागले तर 82च्या वर. त्याच पुस्तकमालेतल्या ट्रोल नावाच्या दांडग्या राक्षसाची सगळी जीवनशक्ती 84 आहे. बाकीच्या चौघांचा एकेक वार जेमतेम आठ-दहाचा.

यात त्याची काही लबाडी नव्हती. नियम छापलेले होते, त्याने ते वाचले होते. पण दोन-तीन रविवार असे गेले की लढाई सुरू व्हायची आणि शमशेरच्या खेपेतच संपायची. माझी भाची नववीत आहे. तिने ‘रोग’ म्हणजे चोरट्या वाटेने जाणारं पात्र घेतलं होतं, मी त्याला अय्यार म्हणायला शिकवलं आणि तिने नाव ठेवलं बिजली. एका रविवारी मी तिला विचारलं, तू मध्येच उठून कुठे जातेस? ती अगदी सहज म्हणाली, “खाला, शमशेरची खेप आली की मी पाणी पिऊन येते. परत येईपर्यंत झालेलं असतं.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि मला तेच लागलं. तक्रार करणारं मूल अजून खेळात असतं. वर्गातही असंच होतं. एक मूल प्रश्न पूर्ण होण्याआधी उत्तर देतं. महिनाभरात बाकीचे तीसजण विचार करायचं थांबवतात, कारण विचार पूर्ण होईपर्यंत ‘झालेलं असतं’.

या दुखण्यावर जगभरच्या मास्टरांनी फार पूर्वीपासून औषधं शोधली आहेत. पहिलं औषध जालीम आहे: जीवच घ्यायचा. गायगॅक्सने ‘टूम ऑफ हॉरर्स’ नावाची एक कबर रचली. 1975च्या ‘ओरिजिन्स’ मेळाव्यात ती खेळवली गेली आणि 1978मध्ये छापून आली. फुशारकी मारणाऱ्या बलाढ्य पात्रांची घमेंड उतरवायला ती होती. तिथे तलवारीला फारसं काम नाही, एक पाऊल चुकलं की पात्र गेलं.

दुसरं औषध उपहासाचं. 1976मध्ये ‘गॉड्स, डेमीगॉड्स अँड हीरोज’ हे पुस्तक निघालं. त्यात युनानी, मिसरी, नॉर्स देवतांना चक्क आकडे दिले होते, जीवनशक्ती इतकी, वार इतका. संपादक टिम कास्कने प्रस्तावनेत हेतू सांगितला आहे. खिरापत वाटावी तशी ताकद वाटणाऱ्या मास्टरांना कळावं की त्यांची पात्रं देवतांपेक्षाही वरचढ होऊन बसली आहेत, आणि त्यांनी शरमावं. अनेक खेळाडूंनी मात्र त्या पुस्तकाची शिकारीची यादी केली. आकडा दिला की माणूस तो ओलांडायला निघतो, हे कुठल्याही शिक्षकाने त्यांना सांगितलं असतं.

तिसरं औषध नियमच बदलण्याचं. 2024च्या नव्या नियमपुस्तकात शार्पशूटरचा तो 10 गुणांचा सौदा काढून टाकला आहे. मी नवं पुस्तक लागू करून मोकळी होऊ शकले असते. पण जो मुलगा वाचून, हिशेब करून तिथवर पोहोचला, त्याला ‘आजपासून तुझं गणित बाद’ म्हणायचं? अभ्यासाची अशी सजा मी वर्गात देत नाही, सतरंजीवर का देऊ?

चौथं औषध सगळ्यांना सुचतं: राक्षसच दुप्पट मोठा करा. ट्रोलची शक्ती 84ची 168 केली की शमशेरला दोन-तीन खेपा जास्त लागतील. पण बिजलीच्या दहाच्या वाराला आता सतरा खेपा लागतील, आणि शमशेरला टक्कर देणारा तो राक्षस तिच्यावर वळला तर ती एका फटक्यात आडवी होईल. बलवानाला मोजून केलेली परीक्षा बाकीच्यांचा बळी घेते. पेपर अवघड काढून पहिला नंबर थोडा खाली येतो, आणि मागचे बाक नापास होतात.

मला वाट सापडली ती आपल्याच दास्तानांत. अमीर हमजापेक्षा बलवान पात्र कुठलं? त्याच्याजवळ इस्म-ए-आज़म आहे, ज्यापुढे कुठलीच जादू टिकत नाही. नियमाने पाहिलं तर त्याची दास्तान पन्नास पानांत संपायला हवी. लखनौच्या नवलकिशोर प्रेसने मात्र ती 46 जाडजूड खंडांत छापली. त्यातलं ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ 1883पासून निघू लागलं. पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांचे, पुढचे अहमद हुसैन कमर यांचे. या मंडळींनी हमजाची ताकद कमी केली नाही. गोष्ट रुंद केली.

दास्तानचे चार घटक सांगतात: रज्म, बज्म, तिलिस्म आणि अय्यारी. रज्म म्हणजे लढाई, तिथे हमजाच भारी. बज्म म्हणजे मैफल, दरबार, तिथे जीभ लागते. तिलिस्म हे जादूचं बांधलेलं जग. त्याचा स्वतःचा कायदा असतो, आणि ते ज्याच्या नशिबी लिहिलेलं असतं त्यालाच, लौह म्हणजे त्याची पाटी हाती आल्यावर, तोडता येतं. आणि अय्यारी म्हणजे वेश, युक्ती, नजर. होशरुबात तिलिस्म तोडायला निघतो हमजाचा नातू असद, आणि तोच कैदेत पडतो. मग बादशाह अफरासियाबच्या नाकात दम आणतो तो अमर अय्यार, ज्याच्याजवळ ताकद नाही, एक झंबील म्हणजे थैली आहे आणि डोकं आहे.

म्हणजे शमशेर चारांपैकी एकाच घटकात भारी होता, आणि आमच्या रविवारांत तेवढा एकच घटक उरला होता. तो आठ बाण मारू लागला तरी बाकीचे तीन घटक शाबूत असतील तर काही बिघडत नाही.

‘ड्रॅगन’ मासिकाच्या नोव्हेंबर 1987च्या अंकात रॉजर मूर या संपादकाने लिहिलेला ‘टकरचे कोबोल्ड’ हा लेख या खेळात फार मशहूर आहे. कोबोल्ड हा खेळातला सगळ्यात किरकोळ प्राणी. पण टकर नावाच्या मास्टरचे कोबोल्ड समोर येऊन लढतच नसत. अरुंद बोगदे, आग, सापळे, आडोशामागून मारा. मोठमोठ्या लेव्हलची पात्रं त्यांच्यापासून जीव घेऊन पळत. अय्यारीचाच तो धडा, फक्त इंग्रजीतून आलेला.

मग मी पुढच्या रविवारचा किल्ला तसा रचला. एकाच वेळी तीन कामं: फाटकात ट्रोल, बुरुजावर घंटा वाजवायला धावणारा पहारेकरी, तळघरात कुलूपबंद कैदी. एक माणूस, कितीही शूर असला तरी, तीन जागी नसतो. घंटेकडे भाच्याचा दोस्त आणि शेजारचा थोरला गेले, कुलपाकडे धाकटा. शमशेर फाटकात, आणि बिजली अंधारात त्याच्या मागे.

ट्रोलची शक्ती मी वाढवली नाही, 84च ठेवली. शमशेरने पहिल्या खेपेत पाच बाण सोडले, त्यातले तीन लागले. दुसऱ्या खेपेत ट्रोल कोसळला. भाच्याने हात वर केले. पण ट्रोलची एक खोड पुस्तकातच लिहिलेली आहे: त्याच्या प्रत्येक खेपेच्या सुरुवातीला 10 गुण भरून येतात, आणि शक्ती शून्यावर गेली तरी तो मरत नाही. मी म्हटलं, जखमा मिटतायत, तो उठतोय. शमशेरने पुन्हा पाडला. तो पुन्हा उठायच्या बेतात.

भाची पाणी प्यायला उठली नव्हती. तिने विचारलं, “खाला, हा मघापासून मशालींच्या बाजूने का चालत नाहीये?”

मी म्हटलं, बिजलीने बघितलंय, बिजलीने ठरवावं. तिने भिंतीवरची मशाल काढली आणि डब्यात हात घातला. चिठ्ठी निघाली 17. मशालीच्या चटक्याचा घाव किती? पुस्तकात लिहिलंय, 1. पण आगीचा किंवा तेजाबाचा घाव बसला की त्या खेपेला ट्रोलच्या जखमा भरत नाहीत. ट्रोल उठला नाही. 84 गुण ज्याच्या बाणांनी गेले तो भाचा सगळ्यात मोठ्याने ओरडला, “बिजली!” तळघरातल्या कुलपाचं कुणाला भानच राहिलं नाही, धाकटा आपला “खाला, माझी खेप, माझी खेप” करत होता.

त्या संध्याकाळी चहा पिताना मी भाच्याला बाजूला घेतलं. हेही औषधच आहे, आणि ते सगळ्यात आधी द्यावं असं अनुभवी मास्टर सांगतात: गोष्टीतल्या माणसाशी गोष्टीत भांडण्यापेक्षा सतरंजीवरच्या माणसाशी बोला. मी विचारलं, तुला या खेळात काय आवडतं? मला वाटलं होतं तो म्हणेल जिंकणं. तो म्हणाला, “शमशेर आला की लोकांनी म्हणावं, शमशेर आला.” मग ते तर मी देऊ शकते. आता गावोगाव त्याचं नाव पोहोचलंय. पोरं काठ्यांचे क्रॉसबो करून त्याच्यामागे फिरतात. आणि नाव झालं की जबाबदारीही आली: एका म्हातारीने तिच्या मुलाच्या खुन्याला शोधायची गळ घातलीय, आणि ते पाच बाणांचं काम नाही.

या रविवारी बज्म आहे. एका नवाबाची दावत, हत्यारं दाराशी ठेवायची, आणि मेजवानीत बसून तहाच्या अटी ठरवायच्या. दरबारात बोलावं कसं, नवाबाला किती झुकावं, खोटं कुठवर चालेल, याची तयारी करायला मी मुलांना सांगितलंय. परवा आपाच्या घरी गेले तर भाचा आणि भाची गच्चीवर समोरासमोर बसले होते. ती नवाब झाली होती, तो शमशेर. त्याने तोंड उघडलं की ती थांबवत होती, “नाही, असं म्हटलंस तर मी तुला हाकलूनच देईन. परत बोल.” आणि तो परत पहिल्यापासून सुरू करत होता.