विमान भुंकतं तेव्हा...

आपल्या पिढीत झुरळाची भीती चालते, स्टेजची चालते, बॉसची तर चालतेच चालते. पण 'मला विमानात भीती वाटते' असं चारचौघांत म्हणून बघा. समोरचा लगेच आकडे फेकतो. 'अगं, रस्त्यापेक्षा विमान सेफ असतं!' हे मलाही पाठ आहे. नवले पुलावरून टू-व्हीलर नेणाऱ्या पुणेकराला हे कोणी वेगळं सांगायला नको. पण आकडे राहतात डोक्यात आणि भीती राहते पोटात. दोघांची एकमेकांशी ओळखच नसते, तर पटणार कसं?

कामासाठी मला वर्षातून सहा-सात वेळा तरी उडावं लागतं. कधी दिल्ली, कधी बंगळुरू. सीटबेल्ट लावला की माझा सगळा जीव कानात गोळा होतो. एसीचा आवाज अचानक बंद पडला, दिवे क्षणभर लुकलुकले, पायाखाली काहीतरी घरघरलं... हात आपोआप आर्मरेस्टवर! १२ जून २०२५ ला अहमदाबादला बोइंग ७८७ कोसळलं. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच जण वाचला. त्यानंतर आमच्या घरी 'रेल्वेनेच जा ना' हा जप सुरू झाला आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं.

अशा माणसाने सलग दोन रविवार कॉकपिटमध्ये जाऊन बसावं, हे जरा अतीच झालं. पण मी बसले. कॉकपिट होतं वाकडमधल्या एका टू-बीएचकेच्या आतल्या खोलीत.

झालं काय, की माझा एक मित्र हिंजवडीत नोकरी करतो. आठवडाभर स्क्रीनसमोर बसून कंटाळला की रविवारी विरंगुळा म्हणून हा गडी पुन्हा स्क्रीनसमोरच बसतो. त्याला फ्लाइट सिम्युलेटरचं वेड आहे. मायक्रोसॉफ्टने हा प्रकार १९८२ मध्ये पहिल्यांदा बाजारात आणला. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तो कुणाच्या तरी दादाच्या कॉम्प्युटरवर पाहिलेला असतो. २०२० मध्ये फ्रान्सच्या असोबो स्टुडिओने तो नव्याने बनवला आणि उपग्रहाच्या फोटोंवरून अख्खी पृथ्वीच आत आणून ठेवली. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची पुढची आवृत्तीही आली.

सिम्युलेटरबरोबर थोडी विमानं मिळतातच. पण शौकीन मंडळींचं तेवढ्याने भागत नाही. ती दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली विमानं वेगळे पैसे देऊन घेतात आणि यात बसवतात. त्याला म्हणायचं 'ॲड-ऑन'. थिएटर एकाचं आणि नाटक दुसऱ्याचं, असा मामला! मित्राने नुकतंच घेतलेलं नाटक म्हणजे फेनिक्स सिम्युलेशन्स या ब्रिटिश कंपनीचं एअरबस ए-३२०. मे २०२२ मध्ये ते आलं, मागोमाग ए-३१९ आणि ए-३२१ ही भावंडंही आली. किंमत साधारण पन्नास पौंड, म्हणजे आजच्या भावाने पाच हजारांच्या वर. एका विमानाचे. तेही खोट्या!

'तू एकदा बघ तरी,' तो म्हणाला. 'लोहगावहून तू ज्यातून जातेस ना, त्यातली बरीचशी विमानं याच घराण्यातली आहेत.' हल्ली इंडिगोच्या ताफ्यात नव्या इंजिनांची 'निओ' विमानं जास्त दिसतात आणि फेनिक्सचं विमान आधीच्या पिढीचं आहे. पण आतला कारभार बराचसा तोच. म्हणजे मला घाबरवणारे सगळे आवाज एकाच डब्यात सापडणार होते. म्हटलं, चला!

पहिलं इम्प्रेशन? अंधार. गेम म्हटलं की स्टार्ट दाबायचं आणि सुटायचं, अशी माझी कल्पना. इथे विमान पुण्याच्या पार्किंगमध्ये बंद उभं. आधी बॅटरी. मग एपीयू. हे शेपटीत बसवलेलं छोटं इंजिन. आपल्या सोसायटीच्या जनरेटरसारखं. मोठी इंजिनं बंद असताना वीज आणि हवा पुरवतं. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांच्या थव्यामुळे एका ए-३२०ची दोन्ही इंजिनं निकामी झाली, तेव्हा कॅप्टन सलेनबर्गर यांनी चेकलिस्टमध्ये ती पायरी येण्याआधीच हे एपीयू सुरू केलं. विमानातली वीज टिकली, विमान हडसन नदीवर उतरलं आणि सगळेच्या सगळे १५५ जण वाचले. मित्राने माउसने दाबलेलं ते बटण मी दोनदा नीट बघून घेतलं.

मग डोक्यावरचं पॅनेल. बटणांची नुसती जत्रा! पण एअरबसचा फंडा सोपा आहे. त्या पॅनेलवर दिवा दिसत नाही म्हणजे सगळं ठीक. लागला तर लक्ष द्या. वैमानिक एकेक दिवा विझवत जातो. मला हे फार आवडलं. माझ्या डोक्यातल्या पॅनेलवर विमानात बसल्याबरोबर सगळे दिवे एकदम पेटतात आणि ते विझवायचे कसे, हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही.

यानंतर मार्ग भरणं, वजनाचा हिशेब, इंधनाचा हिशेब. मित्राची आई, म्हणजे काकू, दोनदा डोकावून गेल्या. 'उडालं का रे तुमचं? मग चहा टाकते.' चाळीस मिनिटं झाली तरी आम्ही जमिनीवरच! पण या चाळीस मिनिटांत माझ्या लक्षात एक गोष्ट आली. मी गेटवर सँडविच खात मोबाइल बघत असते, तेव्हा पलीकडे कॉकपिटमध्ये दोन माणसं हे सगळं एकमेकांना विचारून विचारून करत असतात. रोज. प्रत्येक उड्डाणाआधी.

इंजिन सुरू करायची वेळ आली. मित्र म्हणाला, 'आता ऐक.' एसीचा सूर खाली आला आणि बंद झाला. अगदी तसाच! कारण ती दाबाची हवा आता इंजिन फिरवायला लागते, म्हणून विमान स्वतःच एसी थोडा वेळ थांबवतं. मग इंजिनांचा जनरेटर विजेचा भार एपीयूकडून आपल्याकडे घेतो. आमच्या सीटवरचे दिवे लुकलुकतात ते तेव्हा. आणि दुसरं इंजिन सुरू होताना आला तो आवाज. घर्र-भू, घर्र-भू. पोटाखाली कुणीतरी कुत्रा बांधून ठेवल्यासारखा.

'हाच! हाच तो!' मी खुर्चीतून उठलेच.

या कुत्र्याचं नाव पीटीयू. ए-३२० मध्ये चाकं, ब्रेक, पंखांवरच्या फळ्या वगैरे हलवायला तेलाच्या दाबाच्या तीन वेगवेगळ्या यंत्रणा असतात : हिरवी, पिवळी आणि निळी. हिरवी आणि पिवळी यांच्या दाबात ५०० पीएसआयपेक्षा जास्त फरक पडला की पीटीयू मध्ये पडतं आणि तगडीचा जोर कमजोरीला देतं. तेल इकडचं तिकडे जात नाही, नुसता जोर जातो. दुसरं इंजिन सुरू होताना ते स्वतःची चाचणी घेतं. रात्रपाळीचा वॉचमन आल्या आल्या शिट्टी वाजवून बघतो ना, तसं. इंधन वाचवायला विमान एकाच इंजिनावर धावपट्टीकडे निघालं, तर हे भुंकणं जरा जास्त वेळ चालतं. इतकी वर्षं जो आवाज ऐकून पोटात गोळा यायचा, तो राखणदाराचा होता!

टेकऑफनंतरही असंच. माझा सगळ्यात वाईट क्षण म्हणजे विमान वर जात असताना इंजिनांचा आवाज एकदम उतरतो आणि आपण खाली पडतोय असं वाटतं, तो. स्क्रीनवर साधारण दीड हजार फुटांवर मित्राने थ्रस्टचे लिव्हर एक खाच मागे ओढले. खट्! टेकऑफचा जोर संपला, चढण्याचा बेताचा जोर सुरू झाला. विमान मजेत वरच चाललं होतं. बस, एवढंच? एक खाच?

त्या दिवशी आम्ही नागपूर गाठलं. चहासकट. पुढच्या रविवारी परत पुण्याला.

लोहगावला उतरणं ही वेगळीच मजा आहे. हा मुळात १९३९ मध्ये उभारलेला हवाई दलाचा तळ. आजही तिथे सुखोई उडतात आणि नियंत्रणही हवाई दलाकडेच आहे. धावपट्टी साधारण अडीच किलोमीटर. पुणे समुद्रसपाटीपासून १,९४२ फुटांवर असल्यामुळे चाकं टेकतात तेव्हाही समुद्रसपाटीपासूनची उंची जवळजवळ दोन हजार दाखवत असते. जमिनीपासूनची खरी उंची रेडिओ अल्टिमीटर सांगतो आणि विमान ती मोठ्याने मोजतं : फिफ्टी, फॉर्टी, थर्टी... वीस फुटांवर 'रिटार्ड, रिटार्ड!' म्हणजे लिव्हर आता पूर्ण मागे घे बाबा. मग दणका. 'मुद्दाम नीट टेकवलंय,' मित्र म्हणाला. पावसाळ्यात ओल्या धावपट्टीवर हळुवार तरंगत बसण्यापेक्षा ठामपणे टेकणं बरं, ब्रेक लवकर धरतात. पंखांवरच्या फळ्या ताडकन उभ्या राहिल्या, इंजिनं गरजली. हा सगळा धिंगाणा विमान थांबवण्यासाठी असतो, मंडळी.

आता कौतुक पुरे. या विमानाला घाईगर्दी चालत नाही. अर्धा तास टाइमपास करायचा असेल तर हे पाच हजार वाचवा. कॉम्प्युटर तगडा लागतो. मित्राच्या मशीनचा पंखा इंजिनांपेक्षा जास्त ओरडत होता. वरून मुळा-मुठा ओळखू आली, पण इमारती बऱ्याचशा अंदाजपंचे उभ्या केलेल्या. आणि मुख्य म्हणजे यात पोट नाही. टर्ब्युलन्समध्ये स्क्रीन हलते, कपातला चहा हलत नाही. खर्च न करता चव बघायची असेल तर 'फ्लायबायवायर' या हौशी मंडळींच्या गटाने बनवलेलं ए-३२० निओ फुकट मिळतं. सिम्युलेटर मात्र विकतच घ्यावा लागतो.

अहमदाबादचं 'का' या खोलीत सापडत नाही आणि ते शोधायला मी गेलेही नव्हते. घरच्यांचा जप अजून चालू आहे. गेल्या महिन्यात दिल्लीला गेले तेव्हा भीती माझ्याबरोबर होतीच, खिडकीची सीट पकडून. फरक एवढाच, की आता प्रत्येक आवाजाला नाव होतं. एसी थांबला, मी मनात म्हटलं, इंजिन. दिवे लुकलुकले, जनरेटर. पायाखाली कुत्रा भुंकला आणि शेजारचा ऑफिसची बॅग कवटाळून बसलेला मुलगा दचकून खाली बघायला लागला. मी त्याला पीटीयूची सगळी गोष्ट सांगितली, हिरव्या-पिवळ्यासकट. सांगता सांगता विमान उडालं. ती एक खाच मागे कधी आली, ते माझ्या लक्षातही राहिलं नाही.

तुमच्या शेजारी असं कुणी बसलं असेल, तर कृपा करून आकडे फेकू नका. कुत्र्याचं नाव सांगा.