गोळ्या संपल्या असतील की!

रक्तदाबाच्या अ‍ॅपचा विषय निघाला की समोरचा माणूस मोबाइल पुढे करतो आणि विचारतो, "डॉक्टर, यातलं कुठलं घेऊ?" माझ्या उत्तराने बहुतेकांची निराशा होते. आमच्या भागातल्या रुग्णांच्या सर्वांत जास्त उपयोगी पडलेले अ‍ॅप, निदान माझ्या मते, रुग्णांच्या मोबाइलमध्ये नव्हतेच. ते आरोग्य केंद्रातल्या सिस्टरच्या हातात होते.

केंद्र सरकार, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर), राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१७च्या अखेरीस उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम हाती घेतला. पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले २५ जिल्हे होते. महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. आधी कागदी कार्डे होती. मग 'सिम्पल' नावाचे अ‍ॅप आले. रुग्णाच्या कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की मागची सगळी मोजमापे समोर येतात. आजचा आकडा भरायचा, गोळ्या नोंदवायच्या, पुढची तारीख द्यायची. रेंज नसली तरी नोंद होते आणि रेंज आली की वर जाते. साताऱ्यातल्या पाटण-जावळीच्या खोऱ्यांत काम केलेल्या माणसाला याचे मोल सांगावे लागत नाही.

पण या अ‍ॅपचे खरे बळ आहे ते तारीख उलटूनही न आलेल्यांच्या यादीत. उच्च रक्तदाब दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस येत नाही, आणि जो येत नाही तो रजिस्टरच्या जुन्या पानात कायमचा बुडून जातो. या पद्धतीत मात्र तीन महिन्यांत ज्याचा रक्तदाब मोजलाच गेला नाही, तोही हिशेबात धरला जातो. आलेल्यांपैकी किती जणांचा रक्तदाब १४०/९०च्या खाली आला एवढेच सांगून केंद्राला सुटका नाही. न आलेले किती, हेही दाखवावे लागते. आरोग्यसेवेतला इतका प्रामाणिक हिशेब मी क्वचितच पाहिला आहे.

दुपारी ओपीडी आटोपल्यावर सिस्टर ती यादी उघडतात आणि एकेकाला फोन लावतात.

"काका, गोळ्या संपल्या असतील की! आला नाहीत?"

"आता बरं हाय की ओ. कशाला गोळी?"

"बरं हाय ते गोळीमुळंच. मंगळवारी या. काकूंनापण आणा, त्यांचाबी बघू."

हे कुठलेही यंत्र बोलू शकत नाही. यंत्राने नाव समोर आणले. काकूंची आठवण सिस्टरला झाली. आणि तो नंबर पुष्कळदा काकांचा नसतोच, पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाचा असतो. नुसता संदेश पाठवला तर तो हिंजवडीत वाचला जातो आणि तिथेच राहतो.

अर्थात, बोलावलेला माणूस भांगलण टाकून आला आणि खिडकीवर गोळ्या नसल्या, तर पुढचा फोन तो उचलत नाही. म्हणून त्या उपक्रमात उपचाराचा क्रम ठरवून दिला होता: अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन अशी मोजकी औषधे आणि एका वेळी महिन्याच्या गोळ्या. औषधे मोजकी असली की साठा किती लागेल हेही मोजता येते. या उपक्रमासाठी २०२२ मध्ये भारताला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

सांगलीकडे प्रश्न वेगळा आहे, माणसे जागेवर नसतात. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई कारागीर सोने-चांदी गाळायला देशभर पसरलेले. उलट दिवाळीच्या सुमारास बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोड टोळ्या कारखान्यांवर उतरतात. त्यांच्यातल्या पन्नाशीच्या बाईचे कार्ड गावाकडच्या केंद्रात आणि ती इथे फडात. पहाटेपासून मोळ्या बांधणारी बाई ओपीडीच्या वेळेत येणार कशी? आभा, म्हणजे डिजिटल आरोग्य खात्याच्या क्रमांकामुळे नोंद तिच्यासोबत फिरू शकते, पण त्यासाठी फडावर कुणीतरी संध्याकाळी रक्तदाबाचे यंत्र घेऊन जायला हवे. हंगामात प्रत्येक कारखान्याच्या तळावर आठवड्यातून एक संध्याकाळ यासाठी ठेवावी, अशी माझी मागणी आहे.

आता तुमच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपविषयी. कॅमेऱ्यावर बोट ठेवून रक्तदाब सांगणाऱ्या अ‍ॅपवर मुळीच विसंबू नका. अशा एका लोकप्रिय अ‍ॅपची अमेरिकेत तपासणी झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, रक्तदाब वाढलेल्या दर चारांपैकी तिघांहून अधिक जणांना ते 'सारे ठीक' सांगत होते. घरी मोजायचे तर दंडाला पट्टा बांधायचे यंत्र घ्या. चहा, तंबाखू किंवा मिश्रीनंतर अर्धा तास जाऊ द्या, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसा, आणि दोनदा मोजा.

दिवाळीला गावी आलात की आईचे बीपीचे कार्ड मागून घ्या. पुढची तारीख बघा आणि केंद्रात नंबर कुणाचा दिला आहे ते विचारा. तो तुमचा असेल, तर तिथे शेजारच्या घरातला, दिवसा उचलला जाणारा नंबर लिहून द्या.