तेरचे गजपृष्ठ देऊळ

तेर म्हटले की आपल्याला आठवतात ते गोरोबाकाका, माती तुडविता तुडविता विठ्ठलनामात हरपून गेलेले. परंतु गोरोबांच्याही कित्येक शतके आधी याच तेरणाकाठी कुणीतरी माती मळली, विटा भाजल्या आणि एक वास्तू रचली. ती आजही उभी आहे. गावकरी तिला त्रिविक्रमाचे देऊळ म्हणतात.

धाराशिव जिल्ह्यातील हे गाव एके काळी ‘तगर’ नावाची मोठी पेठ होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याची नोंद आहे. इथले कापड गाड्यांतून भडोचला जाई. हे तगर म्हणजेच तेर, असे फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिले.

आमच्या वर्गाची सहल तिथे गेली तेव्हा पुढचा सपाट छताचा मंडप पाहून माझी निराशाच झाली. पण मागे वळसा घातला आणि थबकलो. भिंत अर्धगोल, छप्पर हत्तीच्या पाठीसारखे! कार्ले-भाजे येथे डोंगराच्या पोटात दिसते ते चैत्यगृह इथे उघड्या आभाळाखाली होते. लेण्यांनी ज्यांची नक्कल केली त्या लाकडी इमारती केव्हाच मातीला मिळाल्या. त्यांचा बाह्याकार कसा असेल, ते या विटा सांगतात. एकेक थर आत सरकवीत दोन्ही बाजू माथ्यावर मिळविल्या आहेत.

हेन्री कझिन्स यांनी पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३च्या अहवालात हे मूळचे बौद्ध चैत्य ठरविले. हा आकार हिंदू देवळांनीही वापरला, म्हणून काही अभ्यासकांना ते मान्य नाही. माझ्या वहीत हा वाद दोन ओळींत मावला. बरोबरच्या मित्राच्या आजोबांनी मात्र १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतलेली. तो गाभाऱ्यापाशी बराच वेळ उभा होता. बाहेर येऊन म्हणाला, “स्तूप असलाच तर तिथंच असणार, मूर्तीच्या जागी. हात जोडावेत की नाही, तेच कळेना.”

“मग?”

“जोडले. ज्यानं विटा रचल्या त्याला.”

मी गप्प राहिलो. कझिन्स यांचे म्हणणे खरे असेल, तर हे चैत्य टिकले ते त्यात नवा देव आला म्हणूनच. दिवा लागत राहिला, डागडुजी होत राहिली. ओस पडलेल्या वास्तूच्या विटा लोक घरे बांधायला नेतात. पण ज्या पूजेने भिंती राखल्या, तिनेच त्यांचे पहिले नाव पुसले. यांतले एकच सांगणे म्हणजे अर्धा इतिहास सांगणे होय.

मित्रहो, गोरोबाकाकांच्या दर्शनाला तेरला जाल, तेव्हा त्रिविक्रमालाही जा. मात्र पुढूनच परत फिरू नका. देवळाला मागून वळसा घाला.