श्रेय कुणाचे?

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागले आणि नाशिक फाटा मागे पडला, की भोसरीची औद्योगिक वसाहत सुरू होते. आतल्या गल्ल्यांत ‘मोटार रिवाइंडिंग करून मिळेल’ अशा पाट्या दिसतात. जळालेली काळवंडलेली तार उपसून काढायची आणि तांब्याच्या नव्या तारेचे वेढे मोजून भरायचे, हा तिथला उद्योग. या वेढ्यांत एक जुने भांडण गुंडाळलेले आहे, हे मात्र कुठल्याच पाटीवर लिहिलेले नसते!

1821 साली लंडनमध्ये मायकेल फॅरडेने वीज वाहणारी तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. विजेच्या मोटारीचे ते पहिले पाऊल. परंतु विजेने तार फिरावी, ही कल्पना वोलॅस्टन या ज्येष्ठ शास्त्रज्ञाच्या मनात आधीच घोळत होती. त्याची तार स्वतःभोवती फिरायची होती. फॅरडेची चुंबकाभोवती फिरली, आणि खरोखरच फिरली! पण घाईने छापलेल्या निबंधात वोलॅस्टनचे नाव नव्हते. झाले, चोरीची कुजबुज सुरू झाली. रॉयल सोसायटीच्या सभासदत्वाला खुद्द गुरू डेव्ही आडवे आले. तरी 1824 मध्ये फॅरडे निवडून आला. पुढे तो इतका सावध झाला, की 1832 मध्ये एक नवी कल्पना लिहून त्याने मोहोरबंद लखोट्यात सोसायटीकडे ठेवली. तो लखोटा शंभराहून अधिक वर्षे तसाच राहिला!

अमेरिकेतल्या जोसेफ हेन्रीची तऱ्हा निराळी. चुंबकापासून वीज निर्माण होते, हे त्यालाही स्वतंत्रपणे सापडले होते. पण तो पडला शाळामास्तर. त्याने छापण्याआधीच फॅरडेचा 1831 चा शोध जाहीर झाला, आणि त्या शोधाचे श्रेय फॅरडेकडे गेले. तारेच्या वेटोळ्याचा एक गुण मोजण्याच्या मापाला पुढे ‘हेन्री’ हे नाव मिळाले, एवढीच त्याची भरपाई.

मोशीपुढे इंद्रायणी ओलांडली, की चाकण येते. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी इथला भुईकोट शाहिस्तेखानाविरुद्ध सुमारे दोन महिने झुंजवला. त्यांचे नाव इतिहासाने जपले. तटावर उभ्या राहिलेल्या साऱ्यांची नावे कुठून मिळणार? आज भोवतालच्या कारखान्यांत गाड्या तयार होतात. त्यांच्यावर कंपनीचे नाव असते, जोडणाऱ्या हातांचे नसते.

सगळ्यांची नावे लिहिता येणार नाहीत, हे खरे. पण जे नाव ठाऊक आहे, ते तरी गाळू नये. फॅरडेला त्यासाठी एक ओळ पुरली असती.