बारीक तंगूस, बारीक गळ

बास पकडायला निघालेली माणसं रबरी गांडुळाच्या रंगावरून तासभर हुज्जत घालतील. भोपळ्याच्या सालीचा हिरवट रंग बरा की काळ्यात निळी चमक, लांबी चार इंच की पाच, मीठ किती. गळ घ्यायची वेळ आली की मात्र दुकानाच्या भिंतीवर जे पाकीट समोर लटकत असेल ते काढायचं आणि बिलाच्या रांगेत जाऊन उभं राहायचं. डॅलसच्या उत्तरेला प्लेनोत राहून गेली काही वर्षं मी हा नाद करते आहे. वॅकी रिगपुरतं तरी हे उलटं व्हायला हवं, असं माझं ठाम मत झालंय. गांडूळ कुठलंही बऱ्यापैकी घ्या, चालतं. गळ चुकीचा असला तर मासा तोंड लावून निघून जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गांडुळाच्या बरोबर मध्यावर गळ अडकवायचा आणि दोन्ही टोकं मोकळी सोडायची. शिसं लावायचं नाही, बूच लावायचं नाही. दिसायला अगदी खुळचट. पण पाण्यात पडलं की ते आडवंच राहून सावकाश खाली जातं आणि जाता जाता दोन्ही टोकं थरथरत राहतात. गॅरी यामामोटो यांनी १९९०च्या दशकात सेंको नावाचं सरळसोट, ना शेपटी ना पाय असं गांडूळ काढलं. त्यात मीठ इतकं ठासलेलं असतं की वेगळ्या वजनाची गरजच पडत नाही. बास त्याच्यावर झडप वगैरे घालत नाही. नुसतं तोंड उघडतो, पाण्यासकट आत ओढतो आणि चालू लागतो. आपल्याला दिसते ती एवढीच गोष्ट की तंगूस जिथे होता तिथून जरा बाजूला सरकतोय.

एप्रिलात देवगडहून मामा आला होता. त्याचा जन्म खाडीवर गरवण्यात गेलेला, तेव्हा त्याला मॉल दाखवण्यापेक्षा लेक फोर्कला न्यावं असं मी ठरवलं. आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर गळांची डबी उपडी करून मी निवडत बसले होते. मामाने त्यातला एक उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि गळाचं टोक अंगठ्याच्या नखावरून हळूच ओढलं. टोक घसरलं नाही, नखात रुतून पांढरी रेघ उठली.

"धार बरी आसा," तो म्हणाला. "पण काय गो, हो गळ आसा की टाचणी?"

त्याच्या जागी त्याचं बरोबर होतं. मामा जिवंत कोळंबी लावून हातदोरीने तांबोशी काढतो. तांबोशी लागली की आधी खडकाच्या कपारीकडे धावते. तिला तिथवर जाऊ दिलं की संपलं. म्हणून जाड तंगूस, दोन्ही हातांचा जोर आणि त्या जोराला पुरून उरेल असा जाड गळ. माझा गळ त्याच्या हातात पहिल्या हिसक्याला सरळ झाला असता.

पण माझ्याकडे तो जोर आहेच कुठे? माझा रॉड सात फुटी, मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड. रिळावर १५ पौंडी विणलेली दोरी आणि तिच्या पुढे हातभर ८ पौंडी फ्लुरोकार्बन. मी रॉड उचलला की निम्मा जोर रॉडच्या वाकण्यात जातो, उरलेल्यातला थोडा ताणलेल्या फ्लुरोकार्बनमध्ये आणि बाकीचा ड्रॅग घसरण्यात. गळाच्या टोकापर्यंत पोचतं ते फार थोडं. जाड तारेचा गळ असेल तर एवढ्याशा जोरात त्याचा उलटा काटा जबड्यात शिरतच नाही. टोक तेवढं रुततं, मासा एकदा डोकं झटकतो आणि सुटतो. बारीक तारेचा गळ तेवढ्यात आरपार जातो. म्हणून गळ घेताना मासा केवढा येईल हा प्रश्न मी दुसरा धरते. पहिला प्रश्न तंगूस किती पौंडी आहे हा. लेक फोर्कमध्ये १९९२च्या जानेवारीत १८.१८ पौंडांचा बास निघाला होता, टेक्ससचा तो विक्रम अजून टिकून आहे. ते ऐकून लोक तिथे जाताना नांगरासारखे गळ घेऊन जातात आणि रॉड मात्र तोच लवचिक असतो.

जड गळाचा आणखी एक तोटा. गांडुळाचा मध्य आधी खाली ओढला जातो, टोकं वर वाकतात आणि ती थरथर मरते. मग उरतं काय, एक बुडणारा रबराचा तुकडा.

नंबरांचा घोळ मामाला समजावताना माझाच गोंधळ उडत होता. १०, ८, ६, ४ असं उतरत १ पर्यंत येताना गळ मोठा होत जातो. १ च्या पुढे शून्याची शेपूट लागते, १/०, २/०, ३/०, आणि आता आकडा वाढेल तसा गळ वाढतो. पाच इंची सेंकोला माझ्या हिशेबात १ ते २/० एवढाच पल्ला. त्यात नेमका कुठला, हे गळ गांडुळात टोचणार की रबरी कडीखाली घालणार यावर ठरतं.

गळ सरळ टोचला तर दांडी आणि टोक यांच्यामधली निम्मीअधिक जागा गांडुळाचं अंगच खाऊन टाकतं. माशाच्या जबड्याला शिरायला फट उरत नाही. तेव्हा १/० किंवा २/०, आणि तोंड रुंद असलेला. शिवाय एकदोन माशांत गांडूळ फाटतं, आणि पाकिटाची किंमत पाहता ते जिवाला लागतं. ओ-रिंग वापरली तर गांडुळाला मध्यावर कडी बसते आणि गळ तिच्याखालून सरकवायचा. सगळं अंग गळाच्या बाहेर राहतं, तोंड पूर्ण उघडं, त्यामुळे एक नंबर धाकटा गळ पुरतो. अडचण अशी की एकाच कडीखाली गळ गांडुळाच्या लांबीला समांतर बसतो. मला तो आडवा लागतो, कारण आडव्या गळाचं टोक मोकळं राहतं आणि जबड्याला लवकर भिडतं. त्यावर उपाय म्हणजे दोन कड्या फुलीसारख्या चढवायच्या आणि जिथे त्या एकमेकींवर येतात तिथे दोन्हींखालून गळ घालायचा. हे काम जरा किचकट आहे, बोटं ओली असतील तर जास्तच. मामाने कड्यांची पुडी पाहिली आणि हसायला लागला. "ही तर नळाची वायसर!" खरंच होती. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या त्या कड्या फिशिंगच्या दुकानातल्यांइतक्याच चांगल्या चालतात, आणि स्वस्त पडतात.

आकाराने मला ऑक्टोपस जातीचा गळ आवडतो. दांडी आखूड, वाक गोल, नेढं मागे कललेलं. पाकीट उघडल्यावर मी नेढं उजेडात धरून बघते. तार वळवून जिथे मिटवलेली असते तिथे फट राहिली असेल तर बारीक फ्लुरोकार्बन नेमका त्या फटीत सरकतो आणि कापला जातो. जाड दोरीवाल्यांना याचा त्रास होत नाही, आम्हा बारीकवाल्यांना होतो. गामाकात्सू आणि ओनर या दोन्ही गळवाल्या कंपन्या जपानच्या ह्योगो प्रांतातल्या निशिवाकी या एकाच गावच्या. त्यांच्या गळांची टोकं रसायनात बुडवून धारदार केलेली असतात. बोथट झाली की कानस मारत बसण्यात अर्थ नाही. फेकून द्यायचा, दुसरा घ्यायचा.

लेक फोर्क आमच्याकडून पूर्वेला दीडेक तासावर. १९८० साली धरण पूर्ण झालं तेव्हा पाण्याखाली जाणारी बरीच झाडं मुद्दाम उभी ठेवली होती. २७ हजार एकरांच्या त्या पाण्यात आजही ओंडके आणि खुंट आहेत, काठाशी हायड्रिलाचं गवत. उघड्या टोकाचा गळ तिथे दर फेकीला लाकडात अडकतो. म्हणून टोकापुढे तारेच्या दोन मिशा असलेले गळ मिळतात. मला ते मनापासून आवडत नाहीत. लाकूड ज्या मिशांनी अडतं त्याच मिशांनी माशाचा जबडाही अडतो, आणि आमच्याकडे जोर कमी हे वर सांगितलंच. तरी खुंटांत शिरताना तोच लावते, पुढे १० पौंडी तंगूस बांधते आणि मिशा बोटाने थोड्या फाकवून मऊ करून घेते. मोकळ्या पाण्यात आलं की लगेच काढून टाकते. आमचा गाइड मिशीवाला गळ दिवसभर बदलत नाही. तो तिथलाच आहे, त्याचं त्याला जमतं.

त्या दिवशी गाइडने मामाच्या रॉडला सर्कल हुक बांधला होता. त्याचं टोक आत, दांडीकडे वळलेलं असतं. मासा घेऊन निघाला की हिसका मारायचा नाही, नुसतं रीळ गुंडाळत राहायचं. गळ घशात असला तरी ओढला जाताना कुठे रुतत नाही, घसरत ओठापर्यंत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात वळून बसतो. मी हे मामाला होडीवर चढण्याआधी सांगितलं, चढल्यावर सांगितलं. तंगूस सरकला आणि मामाने असा हिसका दिला की होडी हलली. गळ माशाच्या तोंडातून अलगद बाहेर. पुन्हा तेच. पन्नास वर्षांची सवय मनगटात बसलेली, ती टेक्ससात येऊन कशी मोडणार?

"मामा, तू ओढू नको. नुसतं गुंडाळ."

"ओढल्याशिवाय लागतलो कसो? तो काय आपणहून गळात तोंड घालतलो?"

जवळजवळ तसंच असतं, पण ते पटवणं कठीण. शेवटी गाइडने त्याला ऑक्टोपस बांधून दिला आणि पुढच्याच हिसक्याला मामाचा मासा आत आला. त्याच सुमारास मला सर्कलवर अठरा इंची मिळाला. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास परत सोडावा लागतो. सोळाच्या आतले ठेवता येतात आणि चोविसाच्या वरचा दिवसाला एकच. वयात आलेली, पिलावळ वाढवणारी मासळी तळ्यात राहावी म्हणून हा नियम. मामाने तो ऐकला आणि कपाळाला हात लावला. "ल्हान खावचे आणि मोठे सोडूचे? ही खयची रीत?"

रीत काहीही असो, ती पाळायची तर गळ ओठात लागायला हवा. वॅकी रिगमध्ये तंगूस ढिला असतो, मासा आरामात गिळतो आणि आपण उशिरा जागे होतो. मग गळ घशात. एप्रिलात नर घरट्यावर राखण करत असतात, असा नर घशातून रक्त येत परत सोडून नियम पाळल्याचं समाधान मानणं मला जमत नाही. खोल गेलाच तर मी उपसत बसत नाही, तंगूस कापते. एरवी मोकळ्या पाण्यात सर्कल हीच माझी पसंती. त्यावर चार मासे कमी मिळतात, हे मान्य. हिसका मारण्यातली मजाही जाते, आणि ती मजा काही थोडी नसते, मामाचा चेहरा पाहिला असता तर कळलं असतं.

परतताना दुकानात थांबलो. मी एक नंबरच्या सर्कलची दोन पाकिटं घेतली. मामाने बारीक गळांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो समुद्रावरच्या सामानाच्या रांगेत गेला, ५/० चे जाड, कथिलाचा मुलामा दिलेले गळ नखावर एकेक घासून बघितले आणि मूठभर टोपलीत टाकले. वायसर घेऊ का विचारलं तर म्हणाला, ती कणकवलीत कुठल्याही प्लंबरकडे मिळतात.