कर्ता कोणी ठरवायचा?



‘क्रिया करणारा तो कर्ता’ ही व्याख्या आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तिला नैतिक बाजूही आहे, हे मला व्याकरणग्रंथांनी नव्हे, तर केवळ शब्दांनी खेळल्या जाणाऱ्या खेळांनी शिकवले.

१९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी ‘मड’ हा संगणकीय खेळ घडवला. त्यात चित्रे नव्हती. अनेक खेळाडू एकाच काल्पनिक प्रदेशात निव्वळ मजकुरातून वावरत. याच परंपरेत १९९० मध्ये अमेरिकेत पॅव्हेल कर्टिस यांनी ‘लॅम्डामू’ सुरू केले. येथे प्रत्येकाने एक पात्र धारण करायचे, इतरांशी बोलायचे, शब्दांनीच नव्या खोल्या आणि वस्तू रचायच्या.

बोलण्यासाठी एक आज्ञा होती, कृतीसाठी दुसरी. ‘हात हलवते’ एवढेच लिहिले, की संगणक आधी पात्राचे नाव जोडून ते वाक्य सर्वांना दाखवी. क्रियापद खेळाडूचे, कर्ता संगणकाने पुरवलेला. अशा खेळांतील शिष्टाचारही याला धरूनच रुजला: दुसऱ्याच्या पात्राची कृती आपण लिहू नये. ‘मी तलवार उगारली’ असे मी लिहावे. ‘मी घायाळ झालो’ हे समोरच्याने लिहावे.

१९९३ मध्ये लॅम्डामूवर एका खेळाडूने हा संकेत मोडला. एका युक्तीच्या साहाय्याने त्याने इतरांची पात्रे कर्तास्थानी घातली आणि त्यांच्या नावे लैंगिक अत्याचाराची वाक्ये सर्वांसमोर उमटवली. कोणाच्याही शरीराला स्पर्श झाला नव्हता. तरीही माणसे खरोखर दुखावली. बरीच चर्चा झाली. अखेर एका व्यवस्थापकाने, तेथील भाषेत ‘जादूगारा’ने, ते पात्र पुसून टाकले. पुढे कर्टिस यांनी सभासदांना अर्ज मांडण्याची व मतदानाची सोय करून दिली.

ही हकिगत प्रथम वाचली तेव्हा मला माझा प्रबंध आठवला. त्यात बोलीच्या क्षेत्रीय अभ्यासावरील प्रकरणात मी लिहिले होते, ‘येथील स्त्रिया आपल्या बोलीला हीन मानतात.’ कर्ता त्या, क्रियापद माझे. त्यांपैकी एकीलाही मी तसे विचारले नव्हते. त्या अत्याचाराशी माझ्या चुकीची बरोबरी होणार नाही; पण दुसऱ्याच्या नावापुढे आपले क्रियापद ठेवण्याची रीत तीच होती. त्या स्त्रियांना उत्तर देण्यासाठी आज्ञा नव्हती, अर्ज नव्हता, मतदानही नव्हते. माझ्या प्रबंधाला पदवी मिळाली.

आपणही प्रकल्पासाठी कोणाची तरी मुलाखत घ्याल, कोणाविषयी तरी लिहाल. तेव्हा प्रत्येक वाक्यातील कर्ता शोधा आणि त्याचे क्रियापद त्याने स्वतः उच्चारले होते का, ते तपासा. माझे ते वाक्य विद्यापीठाच्या ग्रंथालयात आजही तसेच आहे.